फवारणीचं औषध, एकच बाटली आणि वेगवेगळी जनावरं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापुरात कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर अकरा वर्षं उभा होतो, आता सांगोल्याकडं घरचं डाळिंब बघतो. काउंटरवर लोक आधी औषधाचं नाव विचारायचे, मग डोस, मग भाव, आणि पिशवी हातात घेऊन दारापर्यंत गेल्यावर मागं वळून विचारायचे, "शेळीला काय होणार नाही ना?" त्या दारातल्या प्रश्नांची उत्तरं तेव्हा गर्दीत नीट देता आली नाहीत, म्हणून ती इथं लिहितोय.

बाटलीवर निळा नाहीतर हिरवा त्रिकोण आहे, म्हणजे सगळ्याच जनावरांना सेफ ना?

नाही. आणि हे एकच वाक्य लोकांच्या डोक्यात बसलं तरी माझं काम झालं असं मी समजेन. त्रिकोणाचा रंग ठरतो तो प्रयोगशाळेतल्या जनावरांवरून, मुख्यतः उंदरावरून. उंदराला तोंडावाटे औषध देऊन बघतात, निम्मे उंदीर किती डोसला मरतात ते. वजनाच्या किलोमागं ५० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर लाल, ५०० पर्यंत पिवळा, ५००० पर्यंत निळा आणि त्याच्या वर हिरवा. म्हणजे तो त्रिकोण उंदराबद्दल बोलतो, माणसाबद्दल थोडंफार सांगतो, पण तुमच्या मांजराबद्दल, शेततळ्यातल्या माशाबद्दल, मधमाशीबद्दल तो काहीच सांगत नाही. लेबलवर बारीक अक्षरात "मासे व मधमाश्यांना घातक" असं कुठं कुठं लिहिलेलं असतं, ते वाचायला चष्मा लागतो आणि वेळही लागतो, दोन्ही दुकानात नसतं.

पण ही औषधं शरीरात नेमकं करतात काय?

जास्तीत जास्त कीटकनाशकं नसांवर काम करतात. नस स्नायूला निरोप देते तेव्हा मधल्या फटीत ॲसिटाइलकोलिन नावाचा पदार्थ सोडते, स्नायू आकसतो, आणि लगेच एक एन्झाइम येऊन तो पदार्थ तोडून टाकतं, सेकंदाला हजारो रेणू. क्लोरपायरिफॉस, मोनोक्रोटोफॉस, डायमेथोएट ही ऑर्गेनोफॉस्फेट गटातली औषधं त्या तोडणाऱ्या एन्झाइमलाच चिकटून बसतात. मग निरोप पुसलाच जात नाही, स्नायू फडफडत राहतो, लाळ गळते, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, पातळ हगवण लागते, छातीत पाणी भरतं आणि शेवटी श्वासाचे स्नायू दमून थांबतात.

सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन हा पायरेथ्रॉइड गट वेगळा. नसेत विजेसारखा निरोप जातो तो सोडियमच्या बारीक दारांमधून, आणि ही औषधं ती दारं उघडीच धरून ठेवतात, म्हणून थरथर आणि झटके. इमिडाक्लोप्रिडवाला निओनिकोटिनॉइड गट निरोप घेणाऱ्या जागेवरच जाऊन बसतो, आणि किड्याच्या शरीरातली ती जागा त्याला आपल्यापेक्षा कितीतरी घट्ट धरते.

नसा बऱ्याच अंशी सगळ्या प्राण्यांच्या सारख्याच. खरा फरक बहुतेक वेळा औषध नसेपर्यंत पोचायच्या आधी पडतो, लिव्हरमध्ये, रक्तात, पोटात.

मग एकाच औषधानं उंदीर वाचतो आणि होला मरतो, हे कसं काय?

याचं उत्तर जरा लांब आहे, पण नीट वाचा.

क्लोरपायरिफॉससारखं औषध बाटलीत असतं तेव्हा तसं अर्धवट असतं. शरीरात गेल्यावर लिव्हरमधली पी-४५० नावाची एन्झाइम त्याच्यातलं गंधक काढून ऑक्सिजन बसवतात, आणि मग जे तयार होतं, ज्याला ऑक्सॉन म्हणतात, ते खरं विष. म्हणजे शरीर स्वतःच त्याला धार लावतं. आता त्या धार लागलेल्या विषाला तोडायला माणूस, उंदीर, ससा यांच्या रक्तात पॅराऑक्सोनेज नावाचं एन्झाइम असतं, सशात तर ते भरपूर. पक्ष्यांच्या रक्तात ते जवळजवळ नसतंच. धार लावायचं मशीन चालू आणि बोथट करायचं मशीन गायब, मग वाचणार कसा?

आणि मोनोक्रोटोफॉस तर धार लावूनच येतं, त्याला लिव्हरची गरजच नाही. उंदराला किलोमागं २० मिलिग्रॅमच्या आसपास पुरतं, बऱ्याच पक्ष्यांना त्याच्या कितीतरी कमी. १९९५-९६ मध्ये अर्जेंटिनात शेतकऱ्यांनी नाकतोड्यांसाठी हेच फवारलं आणि ते नाकतोडे खायला उत्तर अमेरिकेतून आलेले स्वेन्सन्स हॉक नावाचे शिकारी पक्षी हजारोंच्या संख्येनं शेतात पडले. आपल्याकडं नान्नज अभयारण्यातला माळढोक पक्षी पण नाकतोडे खातो, आणि तो आता बोटावर मोजण्याइतकाही दिसत नाही. म्हणून अभयारण्याच्या कडेला ज्यांचं रान आहे त्यांना मी हात जोडून सांगायचो की लाल त्रिकोण तिकडं नेऊ नका.

मी स्वतः बघितलंय. आमच्याच बांधावर, फवारणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक होला बसलेला, मी जवळ गेलो तरी उडेना. दोन्ही पंख खाली लोंबलेले, चोचीतून लाळेची तार जमिनीपर्यंत, मान हळूहळू मागं वळत चाललेली. मी पाणी आणेपर्यंत संपला. औषध माझ्याच हातचं होतं.

पक्ष्यांना मग सगळंच औषध बाधतं का?

उलटं आहे बघा. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन पक्ष्यांना बऱ्यापैकी पचतं, ते लवकर तोडून बाहेर टाकतात, उंदरापेक्षाही जास्त डोस झेलतात. पण तेच औषध माशाला घातक.

शेततळ्यात मासे सोडलेत, पंप तिथंच धुतला तर काय होतंय?

मासे मरतात. माशाच्या शरीरात पायरेथ्रॉइड तोडायचं काम फार हळू चालतं आणि कल्ल्यातून औषध सरळ रक्तात शिरतं. हिशोबच करा: सायपरमेथ्रिन २५ टक्केवाल्या बाटलीतल्या एका मिलीत २५० मिलिग्रॅम औषध. रोहू, कटला, तिलापियासारख्या माशांना लिटरमागं चार-पाच मायक्रोग्रॅम पण जीवघेणं ठरतं. म्हणजे एक मिली औषध पन्नास हजार लिटर पाणी माशांसाठी धोक्याचं करू शकतं. पंपाच्या तळाला राहतं ते एक मिलीपेक्षा जास्तच असतं की.

कुत्र्याचं गोचिडाचं औषध मांजराला दोन थेंब लावलं तर चालतं का, मांजर तर बारकं आहे?

नाही, नाही, नाही. हा प्रश्न माझ्या घरातला आहे.

आमची मनी, पांढरी-पिवळी, तीन वर्षांची. बहिणीनं शहरातल्या एका दुकानातून कुत्र्याच्या मानेवर सोडायचं औषध आणलं, दुकानदारानं सांगितलं मांजराला अर्धं सोडा. त्याच्यात परमेथ्रिन होतं, सायपरमेथ्रिनच्याच पायरेथ्रॉइड गटातलं. संध्याकाळी सोडलं, रात्री अकराला मनीचे कान फडफडायला लागले, आधी वाटलं माशी बसतेय. मग पाठीची कातडी लाटेसारखी हलायला लागली, मग चारी पाय, आणि ती उभी राहायला गेली की आडवी पडायची. डोळे उघडे, शुद्धीवर, आपल्याकडं बघतेय आणि अंग थांबत नाहीये. पहाटेपर्यंत तिला चादरीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसलो, सकाळी डॉक्टरकडं नेलं पण उशीर झाला होता.

नंतर मी हे सगळं वाचून काढलं. बहुतेक प्राणी औषध तोडल्यावर उरलेल्या तुकड्यांना ग्लुकुरोनिक ॲसिड चिकटवून लघवीतून बाहेर टाकतात. मांजराच्या कुळात, वाघ-सिंहासकट, त्या कामाचं एक महत्त्वाचं जीन पिढ्यान्‌पिढ्या बिघडलेलं आहे, म्हणून हे चिकटवण्याचं काम फार कमी होतं आणि परमेथ्रिन अंगात रेंगाळतं. पॅरासिटामॉल मांजराला जीवघेणं असतं त्याच्या मागंही हीच उणीव आहे. कुत्र्याच्या मानेवर सोडायच्या काही औषधांत परमेथ्रिन ४५ टक्क्यांच्या वर असतं, म्हणजे "अर्धं" हे मांजराला डोंगराएवढं.

असं झालंच तर लगेच कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडनं मांजर धुवा, कोरडं करा, उबेत ठेवा कारण अंग गार पडलं की पायरेथ्रॉइडचा त्रास आणखी वाढतो, आणि रात्र असली तरी डॉक्टरला उठवा. थरथर थांबवायला मेथोकार्बामॉलसारखी औषधं असतात आणि वेळेत मिळाली तर दोन-तीन दिवसांत पुष्कळ मांजरं बरी होतात. आम्हाला त्या रात्री हे कुणी सांगितलं नव्हतं. कुत्र्याला लावलं असेल तरी औषध वाळेपर्यंत मांजराला त्याच्याजवळ झोपू देऊ नका.

गायीसाठी आणलेलं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन खरजेच्या कुत्र्याला मारलं तर?

डॉक्टरला विचारल्याशिवाय नको. आयव्हरमेक्टिन जंत आणि गोचिडाच्या नसांतल्या ज्या दारांवर काम करतं ती दारं आपल्यासारख्या प्राण्यांत नसतात, आणि आपल्या नसांतल्या ज्या जागांवर ते थोडंफार बसू शकतं त्या मेंदूत असतात, मेंदूच्या दारात एक पंपासारखं प्रोटीन असतं जे औषध आत आलं की परत बाहेर फेकतं. कोली आणि मेंढ्या राखणाऱ्या काही विलायती जातींच्या कुत्र्यांत त्या पंपाचं जीन तुटलेलं असतं, २००१ मध्ये हे कळलं. अशा कुत्र्याला जनावराचा डोस दिला तर ते आंधळं होतं, लटपटतं, कोमात जातं. आता मिक्स जातीचं कुत्रं असेल तर त्याच्या आजीत कोली होती का हे तोंड बघून कुणाला कळणार? कासवाला तर हे औषध कधीच नको.

आणखी एक, हे औषध गायीच्या शेणातून बरंचसं जसंच्या तसं बाहेर पडतं आणि शेणकिड्यांच्या अळ्या मरतात. उकिरड्यावर शेण वाळून पापड होऊन पडलेलं दिसलं की मला आधी हेच आठवतं.

म्हशीनं फवारलेलं कडवळ खाल्लं, काहीच झालं नाही, म्हणजे औषध हलकं होतं का?

तसं धरून चालू नका. रवंथ करणाऱ्या जनावराचं पहिलं पोट म्हणजे जंतूंनी भरलेला हौद, आणि काही औषधं तिथंच मोडतात. पॅराथिऑन नावाचं जुनं जहाल औषध गायीच्या त्या पोटातले जंतू बदलून बऱ्यापैकी निरुपद्रवी करतात हे शास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकातच दाखवलं. पण अंगावर लावलेलं औषध त्या पोटात जातच नाही, कातडीतून सरळ रक्तात जातं. आणि वासराचं ते पोट अजून तयार झालेलं नसतं, म्हणून म्हशीला जे पचलं ते पारडाला पचेलच असं नाही. शिवाय म्हशीला काही झालं नाही तरी काही औषधं दुधाच्या स्निग्धांशात उतरतात, ते दूध घरातलं लेकरूच पितं.

गोचिडाचं अमिट्राझ घोड्याला?

नको. गायीला, कुत्र्याला डोसप्रमाणं चालतं, घोड्याचं आतडं त्यानं थंड पडतं आणि जीवघेणी पोटदुखी होते. वरातीच्या घोडेवाल्यांनी हे लक्षात ठेवाच.

एक माणूस विषबाधेतून बरा होऊन घरी आला आणि दोन-तीन आठवड्यांनी पाय लुळे पडले, असं होतं का?

होतं, कधी कधी. काही ऑर्गेनोफॉस्फेट दुसऱ्याच एका एन्झाइमला धरतात आणि लांब नसांची टोकं हळूहळू झडत जातात, आधी तळपायाला मुंग्या, मग पाऊल उचलत नाही. १९३० मध्ये अमेरिकेत भेसळीच्या आल्याच्या अर्कानं आणि १९५९ मध्ये मोरोक्कोत भेसळीच्या खाद्यतेलानं हजारो माणसं अशीच लुळी झाली, त्या दोन्हीत याच गटाचं रसायन होतं.

आता बघा, उंदरावर हे नीट दिसतच नाही. मोठ्या कोंबडीवर दिसतं, अगदी माणसासारखं, पण पिल्लावर नाही. म्हणून अशी औषधं तपासायला आजही जगभर अंडी देणारी कोंबडी वापरतात. फक्त उंदरावर भरवसा ठेवला असता तर हा धोका कधी कळलाच नसता.

डाळिंबाला फुलं लागलीत, मधमाशीला कुठलं औषध कमी बाधतं?

फुलात शक्यतो कुठलंच नाही, हे आधी. पण प्रश्न चांगला आहे.

इमिडाक्लोप्रिड आणि थायाक्लोप्रिड ही दोन्ही एकाच गटातली, नावंही भावंडांसारखी, दुकानात लोक एकाच्या जागी दुसरं घेऊन जातात. पण मधमाशीला इमिडाक्लोप्रिड चार नॅनोग्रॅमच्या आसपास पोटात गेलं तरी मरण, आणि थायाक्लोप्रिड त्याच्या कित्येक शे पट जास्त झेलते. कारण २०१८ मध्ये सापडलं: माशीच्या अंगात एक पी-४५० एन्झाइम आहे जे थायाक्लोप्रिड भराभर तोडतं, इमिडाक्लोप्रिड त्याला जमत नाही. म्हणजे माशीच्या अंगात एक चावी आहे आणि ती एकाच कुलपाला लागते.

आता खरी भानगड इथं आहे. आपण एका टाकीत दोन-तीन औषधं मिसळतो, कीटकनाशक आणि त्यात बुरशीनाशक, मजुरी वाचते म्हणून. प्रोपिकोनाझोलसारखी बुरशीनाशकं माशीची नेमकी तीच एन्झाइम बंद पाडतात, आणि मग जे औषध तिला एरवी पचलं असतं तेच शेकडो पट जहाल होतं. लेबलवर दोन्ही बाटल्या वेगवेगळ्या वाचल्या तर हे कुठंच दिसत नाही. हे सगळे अभ्यास मुख्यतः पेटीतल्या युरोपियन माशीवरचे, आपली सातेरी आणि आग्या मोहोळ यांना तरी निदान तेवढीच काळजी द्या. संध्याकाळी माशी परतल्यावर फवारा, आणि फुलांच्या दिवसांत टाकीत मिसळणं बंद करा. आम्ही गेली चार वर्षं केलंय, मजुरीला दोन फेऱ्या जास्त जातात, ते मान्य आहे.

पूर्वी सायपरमेथ्रिननं गोचीड पटापट पडायचे, आता हलत पण नाहीत, कंपनी पाणी घालते का?

भेसळ असू शकते, पण बहुतेक वेळा गोचीडच बदललेला असतो. ज्याच्या नसेतलं दार जरा वेगळं होतं किंवा ज्याच्या अंगात तोडणारं एन्झाइम जास्त होतं तो वाचला आणि त्याचीच पिल्लं गोठ्यात राहिली. डासांत तर एन्झाइमच्या जीनच्या प्रती वाढलेल्या सापडल्यात. त्यामुळं डोस डबल करू नका, डबल डोस गोचीड झेलेल पण वासरू झेलणार नाही. डॉक्टरला सांगून गट बदला आणि गोठ्याच्या भेगा बुजवा, गोचिडाचा निम्मा संसार तिथं असतो.

मेलॅथिऑन तर घरात डासाला पण मारतात, ते सगळ्यात सेफ ना?

ताजं असेल तर माणसाला आणि जनावराला बरंच सौम्य, कारण आपल्या लिव्हरमधलं कार्बोक्सिलएस्टरेज त्याला ताबडतोब तोडतं आणि किड्यात ते कमी असतं. पण उन्हात, तापलेल्या जागी पडून राहिलं की त्यात आयसोमेलॅथिऑन तयार होतं, आणि ते आपल्या त्याच एन्झाइमला बंद पाडतं. १९७६ मध्ये पाकिस्तानात मलेरियाच्या फवारणीत साडेसात हजार कामगारांपैकी सुमारे २८०० जणांना विषबाधा झाली, पाच जण गेले, कारण हेच. सोलापूरच्या एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या खोलीत काय गरमी असते ते तुम्हाला सांगायला नको. दोन उन्हाळे बघितलेली बाटली वापरू नका.

माणसामाणसांत पण फरक असतो का?

असतो. पॅराऑक्सोनेज कुणाच्या रक्तात जास्त, कुणाच्या कमी, आईबापाकडून येतं. तान्ह्या बाळात ते मोठ्यांपेक्षा खूपच कमी असतं, म्हणून फवारून आलेल्या कपड्यांनी लेकरू उचलू नका. २०१७ मध्ये यवतमाळला कापसावर फवारताना वीसेक माणसं गेली, शेजारी उभं राहून तेच औषध मारणारे काही जण बरे पण झाले. "मला आजवर काही झालं नाही" हे वाक्य काउंटरवर मी रोज ऐकायचो, आणि ते म्हणणाऱ्याच्या हातात ग्लोव्ह्ज नसायचे.

विषबाधा झाली तर घरी काय द्यायचं?

तोंडावाटे काहीच नाही. दूध, तूप, मीठपाणी काही नाही. कपडे काढा, साबणानं अंग धुवा, बाटली बरोबर घ्या आणि माणसाला १०८, जनावराला १९६२ ला फोन. ऑर्गेनोफॉस्फेटवर ॲट्रोपिन आणि पाम हे उतारे देणं दवाखान्याचं काम आहे, डोस माणसागणिक आणि जनावरागणिक बदलतो. काही सशांच्या रक्तात तर ॲट्रोपिनच तोडणारं एन्झाइम असतं, उतारा दिला तरी टिकत नाही.

माझ्याकडं शेळ्या, कोंबड्या, मांजर, कुत्रं, शेततळं सगळंच आहे, फवारणीच्या दिवशी काय करू?

आमच्या घरचं सांगतो. आदल्या रात्री कोंबड्या खुराड्यातच ठेवायच्या, सकाळी सोडायच्या नाहीत, कारण मेलेला किडा त्या टिपतात. शेळ्या वाऱ्याच्या वरच्या अंगाला बांधायच्या. पक्ष्यांच्या पाण्याचं परळ पालथं घालायचं. औषध मोजायचं माप आणि ढवळायची काठी वेगळी, तिच्यावर लाल रंग मारलाय. पंप धुतलेलं पाणी शेततळं, विहीर, ओढा यांपासून लांब पडीक कोपऱ्यात. कपडे वेगळ्या बादलीत. आणि घरात यायच्या आधी बहीण दारातच अंघोळीचं पाणी ठेवते, कारण आता नवीन मांजर आहे आणि ते मी आलो की पहिलं पायाला अंग घासतं.